मायमाच्या माळावरची टेकाडे

वाचकहो, अमेरिकेच्या नकाशात वायव्येच्या कोपऱ्यात, पॅसिफिक महासागराला लागून वॉशिंग्टन नावाचे एक राज्य आहे. राजधानीचे वॉशिंग्टन शहर निराळे. ते पूर्व किनाऱ्याजवळ आणि हे राज्य पश्चिमेला. दोहोंच्या मध्ये सबंध खंड पसरलेले आहे. या राज्याचे मुख्य ठाणे ऑलिम्पिया. तेथून दक्षिणेला काही मैलांवर लिटलरॉक नावाचे खेडे आहे आणि खेड्याच्या जवळच एक माळ आहे. त्याला मायमा प्रेअरी म्हणतात. प्रेअरी म्हणजे आपल्या भाषेत गवताचे माळरान.

आता माळ म्हटला की तो सपाट असावयाचा, ही आपली समजूत. पण मायमाचा माळ सपाट नाही. त्याच्यावर नजर जाईल तिथवर मातीची गोल टेकाडे उठलेली आहेत. एखादे गुडघ्याएवढे, तर एखादे सात फूट उंच. घेर धरला तर मोठे टेकाड तीस फूट रुंद भरावे. परातीत लाडू वळून शेजारी शेजारी मांडून ठेवावेत तशी ती मांडलेली दिसतात, आणि त्यांची संख्या काही डझनांवर किंवा शेकड्यांवर थांबत नाही. ती हजारांनी आहेत. दोन टेकाडांमधल्या खळग्यात गोटे आणि खडी, आणि टेकाडावर मात्र भुसभुशीत काळी माती. वसंतात या टेकाडांवर निळी-जांभळी फुले येतात आणि फुलांवर अशी काही फुलपाखरे येतात, की जी जगात फार थोड्या ठिकाणी उरली आहेत.

ही टेकाडे कोणी केली? पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ हा प्रश्न विचारला जात आहे. त्याची उत्तरे देणाऱ्यांत आरमारी अधिकारी आहेत, चित्रकार आहेत, भूगर्भशास्त्रज्ञ आहेत आणि प्राणिशास्त्रज्ञही आहेत. त्या प्रश्नाचा इतिहास मी सांगणार आहेच. पण त्याच्याआड एक दुसरा प्रश्न कितीतरी वर्षे कोणी विचारलाच नाही. तो असा: टेकाडे राहू द्या बाजूला, हा माळ तरी कोणी केला? कारण वॉशिंग्टनचा हा पश्चिम भाग पावसाचा आणि घनदाट अरण्याचा. डग्लस फर जातीचे सूचिपर्णी वृक्ष येथे दोन-दोनशे फूट उंच जातात. अशा मुलखात मधेच हजारो एकर उघडे गवत राहिलेच कसे?

प्रथम जमिनीची हकिकत पाहू. सुमारे सोळा-सतरा हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडून, आजच्या कॅनडातून, बर्फाची एक प्रचंड जीभ खाली सरकत आली. आज सिअ‍ॅटल शहर जेथे आहे तेथे या बर्फाची जाडी तीन हजार फुटांच्या घरात होती, असा भूगर्भशास्त्रज्ञांचा हिशेब आहे. ऑलिम्पियाच्या दक्षिणेला थोडे पुढे येऊन ही जीभ थबकली आणि पुढे वितळून मागे हटली. वितळलेल्या पाण्याचे लोंढे बर्फाच्या तोंडापासून वाहत सुटले आणि त्यांनी बरोबर आणलेली खडी, वाळू, गोटे यांचे सपाट थर पसरून ठेवले. मायमाचा माळ अशा खडीवर वसलेला आहे. खडीत पाणी ठरत नाही. पाऊस पडला की खाली निघून जातो. वर मातीचा थर पातळ. उन्हाळ्यात अशी जमीन चटकन कोरडी पडते. एवढे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

टेकाडांची पहिली लेखी चौकशी झाली ती १८४१ साली. अमेरिकेच्या आरमारातले चार्ल्स विल्क्स हे त्या वेळी एका मोठ्या सागरी शोधमोहिमेचे प्रमुख होते. १८३८ साली निघालेली ही मोहीम दक्षिण ध्रुवाकडचा बर्फ आणि पॅसिफिकमधली बेटे पाहून या किनाऱ्याला लागली होती. तेव्हा हा मुलूख धड अमेरिकेचाही नव्हता आणि ब्रिटिशांचाही नव्हता. दोघेही त्यावर हक्क सांगत होते, आणि सीमेचा तह व्हावयाला १८४६ साल उजाडावे लागले. निस्क्वालीच्या ठाण्यापासून दक्षिणेला कोलंबिया नदीकडे जाताना विल्क्सना वाटेत ही टेकाडे दिसली. त्यांच्या मनात पहिला विचार आला तो थडग्यांचा. अमेरिकेच्या पूर्व भागात जुन्या लोकांनी रचलेले मातीचे ढीग सापडले होते आणि त्यांतल्या काहींत माणसांचे सांगाडे निघाले होते. तेव्हा येथेही तसेच असणार, असे समजून त्यांनी तीन टेकाडे खणवली. निघाले काय? माती, आणि मातीखाली गोट्यांचा थर. सांगाडा नाही, भांडे नाही, मणी नाही. तरीही हे माणसांच्या हातचेच काम असावे, या मतावरून ते काही हटले नाहीत.

सहा वर्षांनी, १८४७ साली, पॉल केन नावाचा चित्रकार तेथे आला. कॅनडातल्या आदिवासींची आणि त्यांच्या मुलखाची चित्रे काढीत तो हिंडत होता. त्याने या माळाचे चित्र काढले, आणि त्यालाही राहवले नाही. त्यानेही एक टेकाड चार-पाच फूट खणून पाहिले. त्यालाही सुटे दगड मिळाले, दुसरे काही नाही.

गंमत पहा. दोघांनीही खणले ते मेलेल्या माणसांच्या शोधात. त्या वेळी जिवंत माणसे त्या माळावर राबत होती, पण त्यांच्या कामाकडे पाहणाऱ्यांचे लक्ष गेले नाही. तिकडे आपण मागाहून वळू.

थडग्यांची कल्पना मागे पडल्यावर निसर्गाकडे बोट दाखविणे सुरू झाले. लुई अ‍ॅगासी हे त्या काळचे फार मोठे निसर्गशास्त्रज्ञ. माशांवरचा त्यांचा अधिकार जगाने मानलेला. त्यांना टेकाडांचे वर्णन कळले तेव्हा, एखाद्या जुन्या जलाशयाच्या तळाशी माशांनी केलेली ही घरटी असावीत, असे ते म्हणाले, अशी कथा सांगतात. माशांच्या अभ्यासकाला मासे दिसले, यात नवल ते काय! १८७० नंतरच्या दशकात जोसेफ लेकाँट या भूगर्भशास्त्रज्ञाने पाण्याच्या झिजेवर भर दिला. वाहत्या पाण्याने मधली माती धुऊन नेली आणि जेथे झुडपांच्या मुळांनी माती धरून ठेवली तेथे टेकाड उरले, असा त्याचा युक्तिवाद होता.

१९१३ साली जे. हार्लेन ब्रेट्झ यांनी या सबंध प्रदेशातल्या हिमनद्यांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे प्राचीन महापुरांच्या सिद्धांतामुळे ज्यांचे नाव गाजले तेच हे ब्रेट्झ. त्यापूर्वी ते सिअ‍ॅटलच्या एका शाळेत शिक्षक होते. त्यांनी टेकाडे बारकाईने तपासली. बर्फाच्या पातळ थरात खळगे पडले असतील, त्यांत माती साठली असेल, आणि बर्फ वितळल्यावर तीच माती ढिगाच्या रूपाने खाली बसली असेल, अशी एक शक्यता त्यांनी मांडली. पण तिच्याविषयी त्यांचे स्वतःचेच पुरते समाधान झालेले नव्हते. काहींनी गोठलेल्या जमिनीच्या भेगांची कल्पना पुढे केली. जमीन गोठून तडकली, तडांमध्ये बर्फाच्या पाचरी भरल्या, बर्फ वितळून त्या जागी खळगे पडले आणि मधले तुकडे गोल होऊन उभे राहिले.

मग १९४२ साली वॉल्टर डॅल्क्वेस्ट आणि व्हिक्टर शेफर या दोन प्राणिशास्त्रज्ञांनी एक असे उत्तर दिले की कित्येकांना हसू आवरेना. ते म्हणाले, ही टेकाडे गोफरने केली. गोफर म्हणजे वीतभर लांबीचा, बिळे करून राहणारा, आपल्या शेतातल्या उंदराची आठवण करून देणारा प्राणी. त्याच्या दोन्ही गालांना बाहेरून उघडणाऱ्या, आतून केसाळ अशा पिशव्या असतात. त्यांत तो मुळे आणि कंद भरून बिळात नेतो. हा एवढासा जीव सात फुटांचे टेकाड उभारणार? आणि तीही हजारोंनी?

पण त्यांचे म्हणणे नीट ऐका. खडीवर माती पातळ, तेव्हा खोल बीळ करता येत नाही. जेथे माती जरा जाड असेल तेथे गोफर घर करतो. घराभोवती सर्व बाजूंना अन्नाच्या शोधात भुयारे काढतो आणि उकरलेली माती मागे, घराच्या बाजूला ढकलतो. गोफर एकटा राहणारा प्राणी. शेजाऱ्याला तो आपल्या हद्दीत पाऊल टाकू देत नाही. म्हणून टेकाडांमधली अंतरेही सारखी. आणि टेकाडातले दगड मोजून पाहिले तर ते लहान लहान, म्हणजे गोफरला हलविता येतील एवढेच असतात. मोठे गोटे खाली, खळग्यांत राहिलेले. विरुद्ध बाजूचे म्हणणेही कमी वजनाचे नव्हते. कोणत्याही गोफरला असे टेकाड रचताना कोणी पाहिलेले नाही, हा पहिला आक्षेप. कारण काम एका गोफरच्या आयुष्याचे नव्हतेच. झालेच असेल तर ते पिढ्यान्‌पिढ्यांचे.

१९८७ साली कॅलिफोर्नियात अशाच टेकाडांच्या दुसऱ्या एका माळावर जॉर्ज कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने एक साधी युक्ती केली. मातीत खुणेचे बारीक तुकडे पुरून ठेवले आणि काही काळाने ते कोठे गेले हे शोधले. गोफरनी माती खालून वर, टेकाडाच्या मध्याकडे सरकविलेली आढळली. एरवी माती उतारावरून खाली यावयाची. येथे ती चढून वर जात होती.

तरी वाद मिटला नाही. १९९० साली अँड्र्यू बर्ग या भूगर्भशास्त्रज्ञाने भूकंपाचे कारण पुढे आणले. कुत्र्यासाठी लाकडी घर ठोकीत असताना फळीवरच्या धुळीचे लहान लहान ढीग होताना त्यांनी पाहिले, असे सांगतात. फळीवर हातोडा बसला की कंपने होतात, आणि कंपने एकमेकांना छेदतात तेथे धूळ गोळा होते. मग फळीच्या जागी कठीण थर आणि हातोड्याच्या जागी भूकंप धरला, तर माळावरही तेच का होऊ नये? त्यापूर्वीच, १९८८ साली, लिंकन वॉशबर्न यांनी सर्व मतांची एकेक करून छाननी केली होती. कोणतेच मत निर्विवाद नाही, पाण्याची झीज आणि मुळांनी धरलेली माती हे कारण त्यांतल्या त्यात संभवते, असा त्यांचा कल होता.

पुढे २०१४ साली इमॅन्युएल गॅबेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर एक माळ मांडला. त्यात कल्पनेतले गोफर सोडले आणि त्यांना एवढाच नियम घालून दिला: माती थोडी थोडी उंच जागेकडे न्या. काही शतकांच्या हिशेबात त्या माळावर टेकाडे उभी राहिली आणि त्यांची उंची, रुंदी, अंतरे खऱ्या टेकाडांशी बरीचशी जुळली. त्यामुळे गोफरच्या बाजूचे पारडे आज जड आहे. तरी संगणकाने 'असे होऊ शकते' हे दाखविले. 'असेच झाले' हे सांगावयाला त्या वेळी तेथे कोणी हजर नव्हते. टेकाडे काही मायमालाच आहेत असेही नाही. टेक्सास, लुइझियाना, कॅलिफोर्निया येथे ती आहेत, अर्जेंटिनात आहेत. दक्षिण आफ्रिकेतही तशी आहेत, आणि तेथे बोट वाळवीकडे दाखवितात. सगळीकडे कर्ता एकच असेल असे कशावरून?

असो. टेकाडांचा निवाडा विद्वान करतील तेव्हा करोत. आता आपण मघाशी बाजूला ठेवलेल्या माणसांकडे वळू.

हा मुलूख चेहालिस, निस्क्वाली आणि त्यांच्या शेजारच्या सेलिश लोकांचा. नदीतला सामन मासा हे त्यांचे मोठे अन्न, आणि त्याच्या जोडीला माळावरचा कॅमस. कॅमस हा कांद्यासारखा कंद. त्याला वसंतात निळीजांभळी फुले येतात. बायका टोकदार काठ्यांनी तो खणून काढीत. मोठे कंद घ्यावयाचे, लहान परत मातीत सोडावयाचे. जवळच पांढऱ्या फुलांचा एक विषारी कंद उगवतो. दोन्ही कंद दिसावयाला सारखे, म्हणून फुले असतानाच तो ओळखून उपटून टाकावा लागे. जमिनीत खड्डा घेऊन, तापलेले दगड, पाला आणि माती यांच्यामध्ये कॅमस एक-दोन दिवस शिजवीत ठेवीत. एवढा वेळ लागला म्हणजे त्यातले न पचणारे द्रव्य गोड साखरेत बदलते. आपल्याकडे रताळे निखाऱ्यात भाजून गोड होते, तसलाच प्रकार. वेळ मात्र कितीतरी अधिक.

आणि दर काही वर्षांनी, उन्हाळा सरता सरता, हे लोक माळाला आग लावीत. समजून-उमजून, वारा पाहून लावीत. आगीत वाळलेले गवत जाई, फरची कोवळी रोपे जात, आणि जमिनीत झोपलेला कॅमसचा कंद मात्र सुखरूप राही. पुढल्या वसंतात फुले दाट येत, कोवळ्या गवतावर हरणे चरावयाला येत. हिमयुगानंतर हवा काही काळ आजच्यापेक्षा उष्ण आणि कोरडी होती, त्या काळात माळ आपले आपण टिकले. पुढे हवा ओली झाली, अरण्य चहूबाजूंनी आत येऊ लागले. त्याला हजारो वर्षे थोपवून धरले ते या आगीने. म्हणजे विल्क्स ज्या माळावर उभे राहून टेकाडात माणसाचा हात शोधीत होते, तो हात त्यांच्या पायाखालच्या गवतात होता. मातीत उरावी अशी मोठी खूण त्या हाताने मागे ठेवलेली नव्हती, इतकेच.

नंतरची हकिकत भराभर घडली. हडसन्स बे कंपनीच्या लोकांनी १८४० च्या सुमारास निस्क्वालीच्या माळांवर मेंढरे आणि गुरे सोडली. १८४५ साली मायकेल सिमन्स, जॉर्ज बुश आणि त्यांच्याबरोबरची कुटुंबे ऑलिम्पियाच्या जवळ येऊन राहिली. यांतले जॉर्ज बुश कृष्णवर्णीय. वर्णावरून छळ होणार नाही अशी जमीन शोधीत ते येथवर आले होते. अरण्य तोडण्यापेक्षा उघडा माळ नांगरणे सोपे, म्हणून वस्ती पहिल्याने माळांवरच झाली. १८५४ च्या डिसेंबरात मेडिसिन क्रीकच्या तहाने निस्क्वाली आणि शेजारच्या जमातींकडून बहुतेक सारी जमीन लिहून घेण्यात आली. चेहालिसांनी १८५५ च्या बोलण्यांत सही करावयाचे नाकारले. तरी १८६४ साली त्यांच्यासाठी एक राखीव टापू आखून दिला गेला. माळावर आग लावणारे माळावरून गेले, आणि त्यांच्याबरोबर आगही गेली. घरे-दारे, कुंपणे, इमारती लाकूड यांची मालकी आल्यावर वणवा हा शत्रूच ठरला.

मग काय झाले ते सांगावयाला नको. फरची झाडे आत शिरली. युरोपातून शोभेसाठी आणलेले पिवळ्या फुलांचे स्कॉच ब्रूम नावाचे झुडूप बेफाम माजले. कोठे नांगराने टेकाडे सपाट केली, कोठे रस्त्यांसाठी खडी खणून नेली, कोठे घरे उठली. प्यूजेट साउंड खाडीच्या दक्षिणेकडच्या या माळांपैकी मूळच्या गवताफुलांनी भरलेला भाग आज शेकडा तीनसुद्धा उरलेला नाही.

१९६६ साली मायमाच्या टेकाडांना राष्ट्रीय नैसर्गिक स्मारकाचा मान मिळाला आणि १९७६ साली राज्याने येथे सहाशे एकरांहून थोडे अधिक क्षेत्र राखीव केले. नांगर थांबला, खडीची खाण दूर राहिली, टेकाडे वाचली. पाहणाऱ्यांसाठी फरसबंद वाट झाली, टेकाडाच्याच आकाराची एक घुमटी झाली. पण संरक्षण म्हणजे कुंपण घालून हात न लावणे, अशी समजूत असेल तर ती येथे टिकत नाही. कुंपणाला फरचे बी जुमानीत नाही. हात न लावलेला माळ थोड्याच वर्षांत माळ राहत नाही, त्याचे रान होते. आणि रान झाले की टेकाडे राहतील, पण फुले जातील. विमानातून लेसर किरण सोडून काढलेल्या चित्रांत अरण्याखाली दडलेली टेकाडे आजही दिसतात. ती टेकाडे जागच्या जागी आहेत. त्यांच्यावरचा माळ मात्र केव्हाच मेला.

हे पहिल्याने कळले ते फुलपाखरांवरून. निळसर पंखांचे प्यूजेट ब्लू आपली अंडी लुपीन नावाच्या झाडावर घालते. व्हॅली सिल्व्हरस्पॉटच्या सुरवंटाला रानातली व्हायोलेटची पानेच लागतात. मार्डन स्किपर हे इवलेसे तपकिरी फुलपाखरू गवतांच्या झुबक्यांवर वाढते. आणि सर्वांत दुर्मीळ ते टेलर्स चेकरस्पॉट. पंख पसरले तर दोन-सव्वादोन इंच. त्यांवर तांबूस, काळे आणि पांढरे चौकोन, जणू सोंगट्यांचा पट. त्याचे सबंध वर्ष कसे जाते पहा. एप्रिल-मे महिन्यांत थोडे आठवडे ते उडते आणि पुंजक्यांनी अंडी घालते. सुरवंट उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खाऊन घेतो आणि पाने वाळली की झोपी जातो. उन्हाळा, पावसाळी शरद आणि हिवाळा झोपेत काढून फेब्रुवारीच्या सुमारास जागा होतो, पुन्हा खातो, कोष करतो आणि वसंतात बाहेर पडतो. वर्षातून एकच पिढी. त्या साखळीतला एक दुवा तुटला की सारे संपले. २०१३ साली अमेरिकेच्या सरकारने याला नामशेष होण्याच्या वाटेवरच्या प्राण्यांत दाखल केले.

या फुलपाखराच्या रक्षणाची कथा तर कोणी रचून सांगितली असती तरी खरी वाटली नसती. परिसरातल्या बहुतेक माळांवरून ते गेले, आणि टिकले कोठे? लष्कराच्या तोफांच्या सरावाच्या मैदानात! लुईस-मॅकॉर्ड लष्करी तळावर गोळे पडत, गवत पेटे, फरची रोपे जळत. आणि नकळत तोफखाना चेहालिसांचे जुने काम करीत राहिला. दुसरी गोष्ट सुरवंटाच्या अन्नाची. त्याचे जुने झाड पेंटब्रश. ते दुर्मीळ झाले तेव्हा सुरवंटाने युरोपातून आलेल्या एका तणावर, प्लँटेनवर, पोट भरावयाला सुरुवात केली. हे प्लँटेन आपल्या इसबगोलाच्याच कुळातले. परके झाड एके ठिकाणी माळ गिळते आणि दुसरे परके झाड सुरवंटाला तगवते. सगळ्या परक्यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

तिसरी गोष्ट तुरुंगातली. २००३ नंतर ऑरेगनच्या प्राणिसंग्रहालयात हे फुलपाखरू माणसांच्या देखरेखीखाली वाढविण्याचे प्रयत्न सुरू झाले. २०११ मध्ये हेच काम मिशन क्रीक येथील स्त्रियांच्या तुरुंगात नेण्यात आले. एव्हरग्रीन स्टेट कॉलेज आणि राज्याचे तुरुंग खाते यांनी मिळून ते चालविले. शिक्षा भोगणाऱ्या स्त्रियांनी हरितगृहात अंडी मोजली, सुरवंटांना रोज ताजी पाने घातली, कोणता जागा झाला, कोणता मेला, याची टिपणे ठेवली. त्यांनी वाढविलेले हजारो सुरवंट पुढे माळांवर सोडण्यात आले. ज्यांना स्वतःला कुंपणाबाहेर जाता येत नव्हते, त्यांच्या हातून हे काम झाले. घाईगर्दीत न होणारे, वेळ आणि चिकाटी मागणारे हे काम. आणि ते त्यांनी उत्तम केले.

आता मायमाच्या परिसरात उन्हाळा सरताना पुन्हा आग लावतात. सरकारी खात्याची माणसे, संस्थांचे कार्यकर्ते, पाण्याचे बंब, वाऱ्याची मोजणी, असा सगळा जामानिमा असतो. आगीनंतर देशी गवताफुलांचे बी पेरतात. याला फळही आले आहे. सोनेरी पेंटब्रश हे झाड १९९७ साली संकटग्रस्त म्हणून नोंदले गेले होते. २०२३ साली त्याचे नाव त्या यादीतून काढता आले. यादीतून नाव वगळले जाण्याची कारणे निरनिराळी असतात, आणि या वेळी कारण चांगले होते.

पण सगळेच गोड आहे असे समजू नका. ज्या गोफरला टेकाडांचा कर्ता मानतात त्याच्याच जातीच्या चार पोटजातींना २०१४ साली कायद्याचे संरक्षण मिळाले, आणि तेव्हापासून या जिल्ह्यात घरबांधणीच्या परवान्यांवरून वाद झडले. ज्याने पोटाला चिमटा घेऊन घरासाठी तुकडा घेतला, त्याला अंगणात गोफरचे उकीर निघाले म्हणून थांबा म्हणावयाचे, हे सोपे नाही. आणि ज्या माळाचा शेकडा तीनही भाग उरला नाही त्यातला आणखी एक तुकडा जाऊ द्यावयाचा, हेही सोपे नाही. दोन्ही बाजूंना माणसे आहेत, हे विसरून हा हिशेब होत नाही.

वाचकहो, माळरानाला सरकारी दप्तरात 'पडीक' हा शब्द आपल्याकडेही फार जुना आहे. जेथे झाड नाही, पीक नाही, तेथे काही नाही, असे धरून चालण्याची सवय सर्वत्र सारखी. मायमाच्या माळाला कोणी पडीक म्हटले असते, तर कॅमस खणणाऱ्या बाईने त्याला वेड्यात काढले असते. तिच्या लेखी ते धान्याचे कोठार होते, आणि ते राखावयाचे कसे हे तिला ठाऊक होते. चेहालिसांचा राखीव टापू मायमापासून फार दूर नाही. मे महिन्यात कॅमस फुलला की टेकाडांच्या अंगावर निळी झाक चढते. ती पाहावयाला लोक दुरून येतात, टेकाडे कोणी केली म्हणून एकमेकांना विचारतात. गोफरचे नाव त्यांना आता पाटीवर वाचावयाला मिळते. आग लावणाऱ्या हातांचे नावही त्यांनी त्याच्याबरोबर विचारावे, एवढे या हकिकतीवरून म्हणता येईल.